नंदाच्या स्वयंपाकघराचे सेक्शन

मुन्शी घाट, वाराणसी
२२ जानेवारी

सौ. नंदा हिला,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची आपल्याकडे रीत आहे, पण सध्या तू माझ्याकडून काही घेण्याच्या मनःस्थितीत नाहीस हे मला समजतं. फोन तू उचलत नाहीस. ऋताला केला तर ती म्हणते, "आई पूजेला बसली आहे, बाबा." सकाळीही पूजा, दुपारीही पूजा आणि चहाच्या वेळीही पूजा. काशीत असताना तू एवढी पूजा कधी केली नाहीस, लेकीकडे नाशकात गेल्यावर बरी सुचली. म्हणून पत्र लिहितो. पत्र उचलावं लागत नाही, आपलं आपण दारात येऊन पडतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी जे झालं त्यात माझा हेतू वाईट नव्हता, हे आधी नोंदवतो. तू वाण आणायला बाहेर गेलीस आणि घर मला मोकळं मिळालं. तुला खूश करावं म्हणून मी सगळं स्वयंपाकघर नव्याने लावलं. तू परत आलीस तोवर बायका जमल्या होत्या. तुझा हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला आणि तिथे मीठ होतं. डब्यांवर मी ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या तू वाचल्या नाहीस. मंडळाच्या यच्चयावत बायका खारट मसाला दूध प्यायल्या हे खरं आहे. पण एकीनेही पेला अर्धा ठेवला नाही. आपल्या समाजात शिस्त शिल्लक आहे, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

त्यावर तू म्हणालीस, "माझं स्वयंपाकघर होतं तसं करा आणि मग कळवा." आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलीस.

मी हे का केलं, ते तू ऐकूनच घेतलं नाहीस. निवृत्त झाल्यापासून मी सुरुचीच्या ऑफिसचं काम घरून करतो, अधूनमधून तिथे जातो, हे तुला ठाऊक आहे. (दशाश्वमेधावरच्या दत्तात्रेय भटजींची नात. आजोबा यजमानांना संकल्प सांगतात, नात कोळशाच्या खाणींचे आराखडे करते.) सध्या एका नव्या खाणीत ड्रॅगलाइन कशी चालवायची ते आम्ही कॉम्प्युटरवर ठरवतो आहोत. ड्रॅगलाइन म्हणजे तेच लांब मानेचं यंत्र, खाणीच्या कॉलनीत असताना तू ज्याला बगळा म्हणायचीस. ते कोळशावरची माती उचलून मागच्या रिकाम्या खड्ड्यात टाकतं. एकदा टाकलेली माती पुन्हा उचलावी लागली, तर त्याला आम्ही रीहँडल म्हणतो. खाणीतला माणूस भुताला भिणार नाही, पण रीहँडलला भितो.

आणि तू रोज काय करायचीस? साखर काढायला आधी डाळीचा डबा उचलायचीस, ओट्यावर ठेवायचीस, साखर घ्यायचीस आणि डाळीचा डबा परत आत ठेवायचीस. रोज दोन वेळा, माझ्या डोळ्यांदेखत. जन्मभर रीहँडल कमी करण्यात गेलेल्या माणसाने हे किती दिवस बघायचं?

असो. होतं तसं करायला घेतलं आहे. आठवड्यात होईल.

विष्णु

ता. क. लोणच्याची बरणी सुखरूप आहे. तू विचारलं नाहीस, मीच आपलं सांगितलं.


२९ जानेवारी

नंदा,

आठवडा झाला. काम सुरू आहे.

मध्ये सुरुचीची बोलणी खाल्ली. खाणीतल्या सेक्शनच्या रेषांवरून. सेक्शन म्हणजे काय ते तुला सांगतो, म्हणजे माझी बाजू तुला कळेल. तू अळूवडीचा उंडा उकडून कापतेस ना, तसंच. उंडा बरोबर आडवा कापला तर आत बेसनाचा थर किती आहे ते खरं दिसतं. तिरका कापला तर वडी उगाच मोठी दिसते आणि पाहुणा फसतो. खाणीचंही तेच. ज्या दिशेने खोदत जायचं तिला काटकोनात, सारख्या अंतरावर रेषा आखायच्या. प्रत्येक रेषेवर कॉम्प्युटर जमीन कापून दाखवतो: इथे माती, इथे कोळसा, इथे यंत्र उभं राहील, इथे ढीग पडेल.

सरळ खाणीत हे पोरखेळ आहे. पण ही खाण मध्येच कोपरासारखी वळते. मी आपल्या इकडून काटकोनातल्या रेषा आखत वळणापाशी गेलो, तिकडून आखत वळणापाशी आलो. दोन्हीकडून हिशेब चोख. सुरुचीने स्क्रीनवर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, वळणाच्या आतल्या बाजूला तुमच्या रेषा एकमेकींना कापतायत! एकच जागा आपने दो बार गिन ली. इकडचा ढीग पण तिथेच टाकला आणि तिकडचा पण तिथेच. अब वो मिट्टी जाएगी कहाँ?"

छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला वाटेल तेवढी लाज मला वाटली. तोंडाने मात्र म्हणालो की मी तुझी परीक्षा बघत होतो. ती म्हणाली, "काका, तुम्ही ना!" आणि मला रेषा पुसायला लावल्या.

घरी आल्यावर लक्षात आलं की आपला ओटाही वळतो. बेसिनपाशी. आणि तुझं स्वयंपाकघर मी याच सॉफ्टवेअरवर लावलं होतं. गॅसच्या बाजूने रेषा आखल्या तेव्हा कोपरा रिकामा दिसला, म्हणून तिथे पिठाचा मोठा डबा बसवला. खिडकीच्या बाजूने आखल्या तेव्हाही तोच कोपरा रिकामाच दिसला, म्हणून तिथे बरणी बसवली. आराखड्यात दोन्ही व्यवस्थित बसलं होतं.

प्रत्यक्षात थोडी अडचण झाली. बरणीची जागा बदलावी लागली. बाकी काही नाही.

जेवणाचं विचारशील तर उत्तम चाललं आहे. काल खिचडी केली. हिंग सापडला नाही.

विष्णु


७ फेब्रुवारी

नंदा,

एक कबुली देतो, पण हसायचं नाही. होतं तसं करायचं तर कसं होतं ते माहीत पाहिजे. खाणीत पहिलं फावडं मारायच्या आधी मूळ जमिनीचा सर्वे करतात. तो नसेल तर नंतर ब्रह्मदेवही सांगू शकत नाही की काय होतं आणि आपण काय खणलं. नव्या पोरांना हे मी घसा कोरडा करून शिकवलं आहे. एकाने सर्वेशिवाय काम सुरू केलं म्हणून त्याला भर मीटिंगमध्ये उभं केलं होतं. आणि तुझ्या स्वयंपाकघराचा मूळ सर्वे मी केला नाही. डोळ्यांसमोर तर होतं, त्यात सर्वे काय करायचा, असं वाटलं. आता डोळे मिटून बसतो तर फक्त तू दिसतेस, डबे दिसत नाहीत.

सुरुचीला विचारलं. ती म्हणाली, "मग बोअरहोल घ्या ना काका." म्हणजे जमिनीत जागोजागी भोकं पाडून खाली काय आहे ते बघतात, आणि मधलं अंदाजाने भरतात. तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात ज्यांचं येणं-जाणं आहे अशा बायका मी गाठल्या. वरच्या मजल्यावरच्या गीताभाभी हे पहिलं बोअरहोल. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हींग त चूल्हा के बगलिये में रहल, भइया. आप ओके कहाँ चढ़ा देहलीं?" दत्तात्रेय भटजींची सून म्हणाली, हिंग फडताळात. भांडीवाली म्हणाली, "हम त कब्बो देखबे नाहीं कइली." तीन भोकं आणि तीन वेगळे थर. अशा खाणीला कोणी परवानगी देणार नाही.

तरी अंदाजाने लावत गेलो. गुळाचा डबा खिडकीशी ठेवला, तिथे हाताला सोपा. दुपारी परत आलो तर जाळीच्या फटीतून एक लांब हात आत आलेला आणि डबा कलंडलेला. गच्चीवर सगळं माकडमंडळ गूळ खात बसलं होतं. तू खिडकीशी खायचं काही का ठेवत नव्हतीस, ते इतक्या वर्षांनी कळलं. मला वाटायचं तुला उजेडात मोकळी जागा आवडते.

ऋताचा फोन आला होता. तू कशी आहेस विचारलं तर म्हणाली, "आई खूप मदत करते, बाबा. खूपच." मग सहज म्हणाली की तू बाजारातून नवा पोळपाट आणि लाटणं आणलंस, तिचं तुला चालत नाही म्हणून.

नंदा, ते ऐकून मी ताट बाजूला सारलं. पाहुणी बाई पोळपाट विकत घेत नाही. पोळपाट घेते ती राहायला आलेली बाई. तू तिथे बस्तान बसवते आहेस का? रागावून गेलीस ते मला समजतं, राग उतरतो. पण पोळपाट?

स्पष्ट काय ते कळव.

विष्णु


१३ फेब्रुवारी

नंदा,

तुझं काही आलं नाही.

शिवरात्र दोन दिवसांवर आहे आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून घरातच असतो. आज पोळ्या करायचं ठरवलं. पिठाचा डबा मी या वेळी कोपऱ्यातून काढून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला होता. जड वस्तू खाली, हे शास्त्र आहे. पीठ काढायला खाली बसलो आणि उठताना ओट्याला धरून उठावं लागलं. मीठ राहिलं म्हणून पुन्हा खाली. मग तेल. तिसऱ्यांदा उठताना तोंडातून "आई गं" निघालं आणि मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

तू पिठाचा डबा कमरेच्या उंचीला ठेवायचीस. हे मला कोणत्याही बोअरहोलने सांगितलं नाही, माझ्या गुडघ्याने सांगितलं. तुझा गुडघा दोन वर्षं दुखतो आहे आणि तुझं अख्खं स्वयंपाकघर हळूहळू वर सरकलं होतं. खालचे कप्पे तू रिकामे केले होतेस. त्यात जुनी वर्तमानपत्रं आणि दिवाळीचे आकाशकंदील होते. मला वाटलं, बघा, बाईने मोक्याची जागा वाया घालवली. साखरेच्या पुढे डाळ होती कारण त्या एका फळीला तुझा हात वाकल्याशिवाय पोचत होता आणि सगळंच तिथे दाटलं होतं. रीहँडल मला दिसलं. गुडघा दिसला नाही.

तू सांगितलं का नाहीस, असं विचारणार होतो. मग आठवलं की तू सांगितलं होतंस. मी तेव्हा कॉम्प्युटरवर होतो आणि "हं" म्हणालो होतो.

आता दुसरं. बरणी फुटली आहे. तुझ्या आईची, निळ्या पट्ट्याची. पिठाचा डबा कोपऱ्यात सरकवला आणि ती पलीकडून खाली गेली. तू वाण घेऊन यायच्या आधीच हे झालं होतं. तुकडे मी आकाशकंदिलांच्या मागे लपवले, लोणचं एका पातेल्यात काढलं आणि पातेलं गच्चीच्या जिन्यात ठेवलं. पहिल्या दोन पत्रांत मी तुला बरणीबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. लोणच्याचं काय झालं ते माकडांना विचार.

मला फार वाईट वाटतं आहे. हे वाक्य लिहायला पोळी करण्याएवढाच वेळ लागला, आणि पोळी अजून गोल झालेली नाही.

विष्णु


१८ फेब्रुवारी

नंदा,

खाणीचे सेक्शन आज पास झाले. वळणावर काटकोनाचा हट्ट सोडला. ढिगाच्याही पलीकडे, लांब, एक बिंदू धरला आणि वळणाच्या सगळ्या रेषा तिथून हातपंख्याच्या काड्यांसारख्या उघडल्या. आता कामाच्या जागेत कुठलीच रेषा दुसरीला कापत नाही. ढीग आपापल्या जागी पडले. सुरुची म्हणाली, "मस्त काका, अब बना है काम!" आणि पेढे मागवले. मी एक खाल्ला आणि मला घरी यावंसं वाटेना. पेढे मिळाले हे सांगायचं कुणाला?

घरी येऊन सॉफ्टवेअरवरचा तुझ्या स्वयंपाकघराचा आराखडा पुसून टाकला. फरशीवर रेषांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या नखांनी काढल्या. मग सगळे डबे, भांडी, बाटल्या खाली उतरवल्या आणि बाहेरच्या खोलीत मांडल्या. फळ्या पुसल्या. आता स्वयंपाकघर कोरं आहे.

होतं तसं मला करता येत नाही, हे लिहून देतो. ते तुझ्या हातात होतं, भिंतीवर नव्हतं. मी कितीही लावलं तरी ते माझंच होईल आणि तुझा हात पुन्हा मिठात जाईल.

बाहेरच्या खोलीत चालायला वाट उरलेली नाही. मी डाळीच्या डब्यांमधून पलंगापर्यंत जातो. गीताभाभी दारातून बघून म्हणाल्या, "भइया, दुकान खोल लेहलीं का?" एक बाई खरंच अर्धा किलो पोहे मागायला आली होती.

नंदा, तू ये म्हणायचा मला अधिकार नाही. तिथे तुला बरं वाटत असेल तर राहा, मी नाशकात येऊन भेटत जाईन. पण मला तुझ्यावाचून करमत नाही. जेवण होत नाही म्हणून नव्हे, जेवण आता बरं होतं, भात तर चांगला होतो. रिकाम्या फळ्या बघवत नाहीत. तू आलीस तर त्या लावायच्या आणि मी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचं. तू मागशील तो डबा तुझ्या हातात द्यायचा. कुठे ठेवतेस आणि का ठेवतेस, विचारणार नाही.

कदाचित एखाद्या वेळी विचारीन. पण एकदाच.

तुझा,
विष्णु


नाशिक
२४ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमची पत्रं सगळी मिळाली. ओजस ती जेवताना मोठ्याने वाचतो, तेव्हा यापुढे जावयाने वाचण्यासारखं तेवढंच लिहीत जा. बरणीचं मला गीताने मी निघाले त्याच दिवशी सांगितलं होतं. आवाज वरपर्यंत गेला होता. तुम्ही कधी सांगता ते बघत होते.

मी रविवारी निघते, सोमवारी पोचेन. होळीला घरी असेन. तुमच्या पत्रांमुळे येते आहे असं मनात आणू नका. झालं ते वेगळंच आहे आणि तुम्हाला सांगण्यावाचून इलाज नाही.

ऋताचं स्वयंपाकघर म्हणजे सगळा आनंद. चहा एका टोकाला, साखर दुसऱ्या. मसाले देवाच्या फोटोमागे. सकाळ-संध्याकाळ तिची इकडून तिकडे धावपळ बघून माझा जीव वरखाली व्हायचा. गेल्या गुरुवारी ती दोघं ऑफिसला गेली तेव्हा म्हटलं, पोरीला जरा सोय करून द्यावी. सगळं उतरवलं, फळ्या पुसल्या, नीट हाताशी येईल असं लावलं. खूश होईल म्हणून आधी बोलले नाही.

संध्याकाळी तिचे ऑफिसातले साहेब आणि त्यांची बायको येणार होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऋता घाईघाईने आली, बोलता बोलता हात वर केला, बाटली काढली आणि कॉफी केली. कॉफीच्या जागी मी गोडा मसाला ठेवला होता. साहेबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "वेगळीच आहे, घरची का?"

ती माणसं गेल्यावर ऋता म्हणाली, "आई, हे माझं स्वयंपाकघर आहे गं." ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही चार शब्द बोलता आले असते. मी खोलीत जाऊन बसले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला तुमची दया आली.

दुसऱ्या दिवशी, ती उठायच्या आत होतं तसं करून ठेवावं म्हणून गेले. तर काय कुठे होतं ते मला काही केल्या आठवेना.

स्टेशनवर घ्यायला या. आणि यातलं गीताला काही सांगू नका.

नंदा